पुराच्या आधी काय केले?

पहाटे साडेपाच

चहा उकळेपर्यंत वही उघडायची, अशी सध्या दिवसाची सुरुवात आहे. निवृत्त होण्याआधी मी भूगोल शिकवत होते, रकाने आखायची सवय तेव्हाची. वहीच्या डाव्या बाजूला जिल्हा परिषदेचे गट आहेत आणि उजव्या बाजूला त्या गटांतून उभे राहण्याची तयारी करणारी माणसे. मधल्या रकान्यांत एकाच प्रश्नाची उत्तरे भरतो आहोत: पाऊस दगा देतो किंवा अंगावर येतो, तेव्हा आणि त्याआधी या माणसाने काय केले?

आम्ही चौघे आहोत. मी, एक निवृत्त कृषी पर्यवेक्षक, कायद्याचे शिक्षण घेणारी एक मुलगी आणि तुळजापूर तालुक्यात बचत गट चालवणारी एक ताई. आमची संस्था नाही, लेटरहेड नाही, कुणाचे पैसेही घेतलेले नाहीत. मतदानाआधी प्रत्येक गटातल्या लोकांच्या हातात एक पान द्यायचे, एवढे ठरले आहे.

धाराशिव हा पर्जन्यछायेतला जिल्हा. २०१५-१६ च्या दुष्काळात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आमच्या शहरालाही दूरवरच्या उजनीहून जलवाहिनीने पाणी येते. ऑक्टोबर २०२० मध्ये परतीच्या पावसाने तुळजापूर, लोहारा, उमरगा भागांतले काढून ठेवलेले सोयाबीन वाहून नेले. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांतल्या नदीकाठच्या जमिनी मातीसकट खरडून गेल्या आणि माणसे छतावर बसून सुटकेची वाट पाहत राहिली. हे सगळे एका दशकात घडले. अशा जिल्ह्यात उमेदवार पारखताना हा प्रश्न जात, पक्ष आणि पाहुणेरावळे यांच्या आधी यायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

सकाळी सात

पेपरांची स्थानिक पाने. कात्री आणि पेन जवळ ठेवूनच वाचते. निवडणूक जवळ आली की दोन क्रियापदे सगळीकडे दिसतात. कुणी निधी 'खेचून आणतो', कुणी भरपाई 'मिळवून देतो'. दुसऱ्या प्रकारच्या बातम्या मी कापून वेगळ्या ठेवते, कारण त्या तपासायच्या असतात.

२०२५ च्या पुरानंतर ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. जिरायत पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५०० हे दर आपत्ती मदतीच्या निकषांतलेच आहेत. दोन हेक्टरांची मर्यादा तीनवर नेली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० वेगळे दिले, हा राज्याचा निर्णय. शेतकऱ्याच्या खात्यात आलेली ही रक्कम त्याच्या हक्काची आहे. तिचे श्रेय गटातल्या इच्छुकाने बॅनरवर घेतले, तर आमच्या वहीत त्याला शून्य. मात्र पंचनाम्यातून सुटलेल्या वस्तीसाठी तलाठ्याला घेऊन कुणी चिखलातून फिरला असेल, नावे यादीत चढेपर्यंत तहसीलला खेटे घातले असतील, तर ते काम आहे. त्याची नोंद गावकऱ्यांना विचारून करतो.

सकाळी साडेआठ

आता तीन तास संगणकासमोर.

अमेरिकेत लीग ऑफ कॉन्झर्व्हेशन व्होटर्स ही संघटना १९७० पासून तिथल्या लोकप्रतिनिधींचे पर्यावरणाचे गुणपत्रक काढते. कोणत्या विधेयकावर कुणी कोणत्या बाजूने मत दिले, त्यावरून टक्के ठरतात. आपल्याकडे ही पद्धत चालत नाही. आपली बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात आणि कोण कोणत्या बाजूने ओरडले याची नावानिशी नोंद राहत नाही. वनसंवर्धन कायद्यातली मोठी दुरुस्ती २६ जुलै २०२३ रोजी लोकसभेत अशीच आवाजी मतदानाने मंजूर झाली. मतविभागणी झाली तरी पक्षादेश असतो आणि तो मोडला तर १९८५ पासूनचा पक्षांतरबंदी कायदा डोक्यावर असतो. म्हणून आपल्या प्रतिनिधीची हवामानाबाबतची कामगिरी मतांमध्ये सापडत नाही. ती सापडते त्याने विचारलेल्या प्रश्नांत, निधी कुठे घातला यात, बैठकीतल्या हजेरीत आणि त्याच्या स्वतःच्या धंद्यात.

जिल्हा परिषदेला उभे राहणारे बरेच जण कुणा ना कुणा आमदार-खासदाराच्या गटातले असतात. त्यामुळे आधी वरच्यांची नोंद वाचतो. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाजाची कागदपत्रे असतात: तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा. 'हवामान बदल' हे शब्द टाकून शोधले तर फारसे हाती लागत नाही, आणि तसे शोधणे अन्यायाचेही आहे. आमच्याकडे हवामान बदल पीक विमा, टँकर, बंधारा, रोहित्र, चारा छावणी, पंचनामा या नावांनी सभागृहात येतो. मी याच शब्दांनी शोधते आणि प्रत्येक प्रश्नापुढे तारीख लिहिते. मग ती तारीख पावसाच्या तारखांशेजारी ठेवते. आपत्तीनंतरच्या अधिवेशनात भरपाईचे प्रश्न गर्दीने येतात. पाऊस नीट झालेल्या वर्षात बंधाऱ्यांची दुरुस्ती, पूररेषा किंवा पर्जन्यमापक यांवर कुणी प्रश्न विचारला असेल, तर ती नोंद मी लाल पेनाने अधोरेखित करते, कारण तेव्हा ना टाळ्या असतात ना कॅमेरे.

उदाहरणे देते, म्हणजे आमची फूटपट्टी कळेल. २०२० च्या खरिपाच्या विम्यासाठी या जिल्ह्यातले शेतकरी औरंगाबाद खंडपीठात गेले. मे २०२२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांच्या पैशाचा हा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याच मागणीसाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये आमदार कैलास पाटील उपोषणाला बसले. सप्टेंबर २०२५ मध्ये खासदार ओमराजे निंबाळकर परंडा तालुक्यातल्या वडनेरला बचाव पथकासोबत स्वतः पुराच्या पाण्यात उतरले. तुळजापूरचे आमदार राणाजगजितसिंह पाटील कृष्णा-मराठवाडा योजनेचे पाणी रामदरा तलावात आणण्याचा विषय वर्षानुवर्षे लावून धरत आले आहेत. भूम-परंडा-वाशी पट्ट्यात तानाजी सावंत यांच्या पुढाकाराने 'शिवजलक्रांती'च्या नावाने ओढ्यांच्या खोलीकरणाची कामे झाली. चारही नोंदी खऱ्या आहेत, आणि त्या तीन वेगवेगळ्या रकान्यांत जातात. विमा आपत्तीनंतरचा, पाण्यात उतरणे आपत्तीच्या वेळचे, कृष्णेचे पाणी आणि खोलीकरण आपत्तीआधीचे. पुढचे प्रश्नही ठरलेले आहेत. आलेले पाणी सोयाबीन-हरभऱ्याला पोचणार की उसाच्या सऱ्यांत जिरणार? ओढा खोल करताना खडकापर्यंत खोदला का, काढलेला गाळ काठावरच ठेवला का? काठावरचा गाळ पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा पात्रात येतो.

मे २०२५ मध्ये राज्याने एक रुपयातली पीक विमा योजना बंद केली. शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा सुरू झालाच, शिवाय स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान आणि पेरणीच न होणे यांसाठी मिळणारी भरपाई खरीप २०२५ पासून योजनेतून गेली. उरले फक्त पीक कापणी प्रयोगावर आधारलेले उत्पन्न. आणि त्याच हंगामात सप्टेंबरचा पूर आला. मे ते सप्टेंबर या चार महिन्यांत या बदलावर कोण बोलले? आमदार, माजी जिल्हा परिषद सदस्य, पक्षाचे तालुकाध्यक्ष, कुणीही चालेल. एक निवेदन, एक ठराव, एक बातमीसुद्धा पुरे. पूर ओसरल्यावर बोललेल्यांची यादी लांबलचक आहे. आधी बोललेल्यांसाठी वहीचे अर्धे पानही लागले नाही.

मग प्रतिज्ञापत्रे. विधानसभेच्या उमेदवाराचे नमुना २६ मधले प्रतिज्ञापत्र कुणालाही पाहता येते. गुन्हे आणि सोन्याचे तोळे सगळेच वाचतात. मी व्यवसायाचा आणि शासकीय कंत्राटांचा भाग वाचते. साखर कारखान्यातले हितसंबंध, खडी क्रशर, वाळू, टँकर, पोकलेन. टँकरचा धंदा असलेला माणूस पाणीटंचाई कायमची संपवेल का, हा प्रश्न उद्धट वाटेल. पण मतदाराने तो विचारायला हवा.

उठण्याआधी एक निकाल पुन्हा वाचते. २१ मार्च २०२४ रोजी एम. के. रणजितसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ मधूनच येतो. खटला माळढोक पक्ष्याचा होता, राजस्थान-गुजरातमधल्या सौर प्रकल्पांच्या वीजवाहिन्यांवरून सुरू झालेला. माळढोकाचे नान्नज अभयारण्य आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात आहे. हक्क आहे म्हटल्यावर तो कुणाच्या तरी दारात जाऊन मागावा लागतो, आणि ग्रामीण माणसाला सगळ्यात जवळचे दार जिल्हा परिषद सदस्याचे असते.

सकाळी साडेअकरा

जिल्हा परिषदेची इमारत. निवडून आलेल्या सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर कारभार प्रशासकाकडे गेला. म्हणजे २०२५ चा पूर आला तेव्हा गटाला सदस्य नव्हता आणि गणालाही नव्हता. जिल्हा नियोजन समितीत घटनेनुसार चार पंचमांश सदस्य निवडून आलेल्या स्थानिक प्रतिनिधींमधून यावे लागतात. स्थानिक निवडणुकाच रखडल्या तेव्हा त्या समितीत गावाचा आवाजही नव्हता. हवामानावरची कामगिरी तपासताना ही पोकळी लक्षात ठेवावी लागते. निवडणुका लांबल्या त्या काळात पदाशिवायही काम करत राहिलेले लोक आमच्या वहीत वर आहेत.

मी जाते लघुपाटबंधारे विभागात. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे पाझर तलाव, साठवण तलाव आणि कोल्हापुरी बंधारे जिल्हा परिषदेकडे असतात. शहरातल्या माणसाला यात राजकारण दिसत नाही. मला सगळ्यात जास्त राजकारण इथेच दिसते.

कोल्हापुरी बंधाऱ्याला बर्गे असतात, म्हणजे खांबांच्या खाचांत बसवायची दारे. परतीचा पाऊस संपला की ऑक्टोबरात ते टाकायचे, पाणी अडवायचे. पावसाळ्याआधी काढायचे, पुराला वाट मोकळी ठेवायची. वेळेवर टाकले नाहीत तर ओढ्याचे पाणी वाहून जाते आणि जानेवारीतच विहिरी खडखडीत होतात. वेळेवर काढले नाहीत तर पूर बंधाऱ्याला बगल देऊन शेजारच्या शेतात घुसतो आणि जमीन खरडून नेतो. दुष्काळ आणि पूर या दोन्हींची किल्ली एका लोखंडी दारात आहे, आणि ती दारे चोरीला जातात, गंजतात, ग्रामपंचायतीच्या खोलीत पडून राहतात. ज्याला हे माहीत आहे आणि ज्याने हे करून घेतले आहे, तो माझ्या लेखी हवामान बदलावर भाषण देणाऱ्यापेक्षा कितीतरी मोठा उमेदवार आहे.

म्हणून मी मालमत्ता नोंदवही आणि दुरुस्तीच्या मागणीची पत्रे पाहायला मागते. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, पानाला दोन रुपये, आणि अभिलेख पाहायचे असतील तर पहिल्या तासाला शुल्क नाही. २०१७ ते २०२२ या काळातले सदस्य पुन्हा उभे राहत असतील, तर त्यांची सहीची पत्रे इथेच मिळतात. सभागृह, स्वागत कमान, पेव्हर ब्लॉक यांची पत्रे भरपूर असतात. 'अमुक बंधाऱ्याचे बर्गे बदलून मिळावेत' असे पत्र दिसले की मी त्या पानाची प्रत काढून घेते. त्या काळातल्या सर्वसाधारण सभेची इतिवृत्तेही मागितली आहेत. उन्हाळ्यात पत्र्याच्या वर्गखोल्यांवर, आरोग्य केंद्रातल्या उष्माघात कक्षावर कुणी बोलले का, ते त्यांत कळेल.

आज कारकुनाने विचारले, "मॅडम, कोणत्या पक्षाकडून?" कुणाकडूनच नाही म्हटल्यावर त्याने कपाटातली आणखी एक फाइल स्वतःहून काढून दिली.

दुपारी दीड

बार्शीमार्गे परंड्याची एसटी. डबा गाडीतच खाते.

कौडगावजवळून जाताना महानिर्मितीचा सौर प्रकल्प लागतो. पलीकडे भूम-वाशीच्या माळांवर पवनचक्क्या आहेत. आमच्या जिल्ह्यात ऊन आणि वारा दोन्ही विकले जातात, आणि जमिनीचा मोबदला, रस्त्यांची नासधूस, वाहिन्यांचे खांब यांवरून तक्रारीही होतात. उमेदवार पवनचक्कीच्या बाजूने आहे की विरोधात, असा प्रश्न आम्ही विचारत नाही. शेतकऱ्याचा करारनामा त्याने वाचून दिला का, मोबदल्याच्या बैठकीत तो कुणाच्या बाजूला बसला आणि कंपनीकडून मुरमाचे किंवा वाहतुकीचे कंत्राट त्याच्याच घरी गेले का, हे विचारतो. स्वच्छ ऊर्जा हवीच. ती गावाला लुबाडून आली तर पुढच्या प्रकल्पाला गाव उभे राहू देणार नाही.

बार्शी ओलांडली की उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. हंगाम ऐन भरात आहे. इथे माझी फूटपट्टी सगळ्यांना टोचते. १९९९ मध्ये माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने तुटीच्या खोऱ्यांतल्या पिकांबद्दल इशारा दिला होता. २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचे करायचे ठरवले. २०१९ मध्ये विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी मराठवाड्यात ऊस आणि साखर कारखान्यांवर बंदी घालावी, असा अहवाल शासनाला दिला. भूजल कायदा साठ मीटरपेक्षा खोल बोअरवर बंधन घालतो. आणि इथे बोअरची खोली सांगताना लोक आठशे फुटांच्या खाली बोलत नाहीत. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही, कारण हमखास खरेदी होणारे दुसरे पीक त्याच्यासमोर कुणी ठेवलेले नाही. पण जो उमेदवार कारखान्याचा संचालक आहे, त्याने आपल्या सभासदांपैकी किती जणांना ठिबकवर आणले, हा आकडा द्यायलाच हवा. आम्ही तो लेखी मागतो. अजून फार थोड्यांनी दिला आहे.

दुपारी साडेतीन

सीनाकाठचे एक गाव. नाव लिहीत नाही, कारण इथली माणसे उमेदवारांच्या दारातच राहतात.

पूर येऊन गेल्याला महिने झाले, तरी भिंतींवर पाण्याची रेघ छातीएवढी उंच दिसते. ज्यांची जमीन खरडून गेली, त्यांच्या शेतात मुरूम आणि गोटे उघडे पडले आहेत. पॅकेजमध्ये अशा जमिनीला हेक्टरी ४७,००० रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामे असे ठरले. माती भरायला ती आणायची कुठून, हा इथल्या लोकांचा रोजचा प्रश्न आहे.

पारावर बसलेल्या एका आबांना विचारले, पुराच्या आधी काही सूचना मिळाली होती का?

"मिळाली की. पोराच्या फोनवर मेसेज आला व्हता," ते म्हणाले. "पन कुटं जायाचं ते कुनीच सांगितलं न्हवतं, बाई. शाळा खाली, समाजमंदिर खाली, दवाखाना खाली. वर हाय ती नुसती टेकडी."

हे वाक्य मी वहीत जसेच्या तसे उतरवले. सूचना देणारी यंत्रणा फोनपर्यंत पोचली, पण निवाऱ्याची जागा गावात ठरलेली नव्हती. शाळा कुठे बांधायची, समाजमंदिर कुठे, हे जिल्हा परिषदेच्या आणि ग्रामपंचायतीच्या बैठकीत ठरते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा गावातून कुठून जाते, हे तुम्हाला कुणी दाखवले का, असे मी पारावर विचारले. कुणीही हो म्हणाले नाही. बांधकामाचे नारळ फुटले तेव्हा व्यासपीठावर कोण कोण होते, ते मात्र सगळ्यांना आठवत होते.

बायकांशी बोलायला आमच्या ताई आधीच पोचल्या होत्या. ओसरीवर दहा-बारा जणी होत्या. मदतीचे किट कुणी दिले, याची यादी त्यांनी भराभर सांगितली. त्यात सगळे पक्ष होते. मग एक मावशी म्हणाल्या, "किट दिलं ते बरंच केलं, उपाशी न्हाई ऱ्हायलो. पन ताई, दोन सालामागं टँकरच्या पाण्यासाठी भांडनं लागायची आमची, तवा ह्यातला एकबी आला न्हवता." त्या टंचाईच्या वर्षात टँकरच्या फेऱ्यांची वही कोण तपासत होते, असे विचारल्यावर त्यांनी एका बाईचे नाव घेतले. ती यंदा राखीव जागेवरून उभी राहणार आहे. आम्ही ते नाव लिहून घेतले आणि फेऱ्यांची नोंद ग्रामपंचायतीत जाऊन पडताळली. नोंदीवर तिची सही होती.

आमचे पर्यवेक्षक तोवर शिवारात जाऊन आले. हे गाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात होते. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सुरू झालेला हा प्रकल्प हवामानाला तोंड देणारी शेती उभी करण्यासाठीच आहे, आणि सुरुवातीच्या पंधरा जिल्ह्यांत आमचा जिल्हा होता. गावच्या कृषी संजीवनी समितीत बसलेले दोघे आता इच्छुक आहेत. एकाच्या काळात मंजूर झालेली शेततळी पावसाच्या पाण्याने भरत नाहीत, बोअरने उपसून भरली जातात. जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी वर आणून उन्हात वाफ होऊ द्यायची, याला हवामानाशी जुळवून घेणे म्हणता येणार नाही. दुसऱ्याने रुंद वरंबा-सरी पद्धतीने सोयाबीन पेरायला बऱ्याच जणांना तयार केले होते. ती शेते पुरात वाचली नाहीत, कारण नदीच घुसली. पण त्याआधीच्या साध्या अतिवृष्टीत तिथले पाणी सऱ्यांतून निघून गेले होते, असे शेजारचे शेतकरी सांगतात. आम्ही दोघांचीही नोंद केली.

मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि तो मोजणारे यंत्र महसूल मंडळात एकाच ठिकाणी असते. यंत्राजवळ कमी आणि शिवारात ढगफुटी, हे इथे अनेकदा झाले आहे. ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक बसवण्याची तरतूद केंद्राच्या योजनेत आहे. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव कुणी मांडला का? या गावात अजून नाही.

संध्याकाळी साडेपाच

मारुतीच्या देवळासमोर एका इच्छुकाची कोपरा बैठक होती. मागे उभी राहून ऐकली. जलजीवनचे नळ, रस्ता, पुलाची उंची. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा आमच्या विद्यार्थिनीने हात वर केला: "तुमच्या गटात कोल्हापुरी बंधारे किती आणि त्यांतल्या कितींचे बर्गे यंदा वेळेत टाकले?"

उत्तर आले नाही. बाजूचा कार्यकर्ता म्हणाला, "ताई, हे अधिकाऱ्यांचं काम असतं." गर्दीतून एक तरुण मोठ्याने म्हणाला, "मग मेंबर कशाला पाहिजे?" त्यावर तो इच्छुक पुढे आला, त्याने आमच्याकडून बंधाऱ्यांची यादी मागून घेतली आणि चार दिवसांत फिरून सांगतो म्हणाला. सांगितले तर त्याच्या नावापुढे तेही लिहू.

रात्री नऊ

घरी परतून, जेवून, चौघांचा फोनवर हिशेब. आज वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

पर्यवेक्षकांचे म्हणणे असे, की पुरात धावून आलेल्याला सर्वाधिक गुण द्यावेत. २०१८-१९ मध्ये भूम-परंड्यात चारा छावण्यांनी जनावरे जगवली, ते त्यांनी जवळून पाहिले आहे. विद्यार्थिनीचे म्हणणे, धावून येण्याला गुण दिले तर पुढारी दर आपत्तीची वाट पाहायला शिकतात. मी दोघांचे ऐकले आणि माझे मत सांगितले. धावून येणे ही माणुसकी आहे, तिचा मान वेगळ्या रकान्यात ठेवू. पण ज्या पानावरून मत ठरणार आहे, तिथे आपत्तीआधीच्या कामाला दुप्पट वजन राहील. छावणी, किट आणि बोट यांचे फोटो निघतात, म्हणून ते आपोआप लोकांच्या लक्षात राहतात. बर्गे टाकल्याचा फोटो कुणी काढत नाही, तेव्हा ते लक्षात आणून देणे हेच आमचे काम आहे. ताई म्हणाल्या, टँकरची वही तपासणाऱ्या बाईला यामुळे न्याय मिळेल. पर्यवेक्षकांनी थोड्या वेळाने मान्य केले.

झाडांवरही बोलणे झाले. जिल्ह्यातले वनक्षेत्र एक टक्क्याच्याही आत आहे. २०२५ च्या पावसाळ्यात 'हरित धाराशिव' मोहिमेत एका दिवसात १५ लाख रोपे लावण्यात आली. रोप लावतानाच्या फोटोला आम्ही गुण देत नाही. येत्या मे महिन्यात त्यातली किती हिरवी आहेत आणि उन्हाळ्यात पाणी कोण घालते, ते बघून लिहू. निवडणूक तोवर झालेली असेल, पण वही बंद होणार नाही. निवडून आलेल्याची तपासणी पुढची पाच वर्षे याच रकान्यांत होईल.

रात्री साडेदहा

उद्याच्या पानाचा मजकूर पक्का करते. प्रत्येक नोंदीपुढे कागद किंवा दोन साक्षीदार आहेत का, हे शेवटचे पाहते. ज्याला पुरावा नाही ते वाक्य कितीही खरे वाटले तरी खोडते. पान छापण्याआधी संबंधित उमेदवाराला पाठवतो आणि त्याचे उत्तर आले तर तेही त्याच पानावर छापतो. आजवर रागावून फोन करणारे भेटले तसे, दुरुस्तीची जुनी पत्रे शोधून पाठवणारेही भेटले.

हे आम्ही चौघांनी काही गटांपुरते केले आहे. जिल्ह्यात तालुके आठ आहेत आणि उमरगा, लोहारा, कळंब, वाशीकडे आम्ही अजून पोचलेलो नाही. तिकडच्या वाचकांना माझी विनंती आहे: प्रचाराला तुमच्या दारात कुणी आले, तर आधी एकदा जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागात जा आणि आपल्या गटातल्या बंधाऱ्यांची नोंदवही पाहायला मागा. अर्जाला दहा रुपये लागतात आणि पहिला तास मोफत असतो. मग दारात आलेल्याला विचारा, यातले तुम्ही काय केले आणि कोणत्या तारखेला. तारीख सांगता आली नाही, तर मत देण्याआधी पुन्हा विचार करा.